ठाण्याजवळ वाफेच्या इंजिनाची खरी शिट्टी कुठे ऐकायला मिळेल? आणि लोकांना तिचं एवढं वेड का असतं?

तुमची लेक सहा वर्षांची आहे, तिला ‘झुकझुक गाडी’ची खरी शिट्टी ऐकवायची आहे, आणि मोठी माणसं त्या आवाजापायी रेकॉर्डर घेऊन रानोमाळ का हिंडतात हेही तुम्हाला कळत नाही, असा एकंदर प्रश्न दिसतोय. मी त्या हिंडणाऱ्यांपैकीच. कोपरीत राहतो, रुळांना लागून.

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत अशी शिट्टी ऐकायला मिळणार नाही. उभं, थंड इंजिन बघायचं असेल तर नेरळला जा. तापलेलं, चालतं आणि ओरडणारं हवं असेल तर मात्र थेट तामिळनाडू गाठा.

ठाणेकराला हे जरा झोंबतंच. 16 एप्रिल 1853 ला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरीबंदरहून निघालेली गाडी इथेच तर आली होती. चौदा डबे, चारशे पाहुणे, 21 तोफांची सलामी आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. 34 किलोमीटरच्या या प्रवासाचं कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो, पण त्या तिघांपैकी एकही आज कुठे जपलेलं नाही. वर आपल्याकडे वीजही फार लवकर आली. 1925 मध्ये कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली आणि 1930 पर्यंत तारा थेट पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. त्यामुळे मनमाड, दौंड, भुसावळच्या माणसाच्या कानात जो आवाज अजून आहे, तो ठाणेकराच्या आजोबांनीसुद्धा बेताबेतानंच ऐकला असणार. आपल्या वाट्याला आला तो लोकलचा भोंगा. त्याला मी नावं ठेवत नाही. दिव्याच्या फाटकावर त्यानंच माणसं वाचतात.

नेरळला जाणार असाल तर काय बघायचं तेही सांगतो, कारण बहुतेक लोक इंजिनापुढे उभं राहून फोटो काढतात आणि वडापाव खायला जातात. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून उभी राहिलेली माथेरानची ही लाइन 1907 मध्ये सुरू झाली. दोन रुळांतलं अंतर दोन फूट, चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीकडून चार इंजिनं आली. वळणं इतकी आवळ की साध्या इंजिनाची चाकं तिथे अडकलीच असती. म्हणून या इंजिनांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस पोकळ ठेवले, आत दुसरा आस घातला आणि चाकांना थोडं डावं-उजवं सरकायची मोकळीक दिली. वाकून खाली बघितलंत तर लेकीला दाखवता येईल की चाकं बाहेरच्या बाजूला जोडदांड्यांनी कशी बांधलेली आहेत. त्या चौघांतलं 738 क्रमांकाचं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि 740 पार इंग्लंडात, लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे गेलं. घरची माणसं पांगावीत तशी ही चार पांगली.

पण नेरळचं इंजिन गप्प आहे. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या गप्प राहण्यातच आहे.

वाफेच्या इंजिनाची शिट्टी ही नुसती पितळी वस्तू नसते. रचना तशी सोपी. खाली एक वाटी, तिच्या कडेला गोल बारीक फट आणि वर उलटी घंटा. दोरी ओढली की झडप उघडते, वाफ त्या फटीतून पातळ पडद्यासारखी वर येते आणि घंटेच्या धारेवर आपटते, त्यानं आतला वाफेचा खांब थरथरतो. घंटा लांब असेल तर आवाज खर्जातला, आखूड असेल तर टिपेचा. काही शिट्ट्यांत घंटेचे आतून कप्पे केलेले असतात, मग एका वेळी तीन-चार स्वर वाजतात. इथवर कुठल्याही कारखान्यात बनवता येईल.

गंमत पुढे आहे. उभ्या इंजिनाची शिट्टी वाजवून दाखवायची तर हौशी लोक कॉम्प्रेसर आणतात, हवा भरतात आणि दोरी ओढतात. आवाज येतो, पण उतरलेला येतो. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला 340 मीटरच्या आसपास पळतो, तर शंभर अंशाच्या वाफेत 470 च्या घरात. तीच शिट्टी, तीच लांबी, पण आत हवा भरली की सूर खाली येतो आणि ती कारखान्याच्या भोंग्यासारखी वाटायला लागते. शिवाय खऱ्या इंजिनावर नळीत थोडं पाणी साठलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीला एक ओली, फुरफुरती किंचाळी निघते, मग पाणी उडून जातं आणि सूर स्वच्छ होत वर चढतो. ड्रायव्हरनं दोरी किती सावकाश ओढली, त्या क्षणी बॉयलरमध्ये दाब किती होता, इंजिन चढावर आहे की उभं आहे, हे सगळं त्या दोन सेकंदांत ऐकू येतं. दूरवरून बघत असाल तर आधी पांढरा झुपका दिसतो आणि आवाज मागून येतो. किलोमीटरभर अंतर असलं तर तीन सेकंद उशिरानं. वेडे लोक रेकॉर्डिंग करतात ते या सगळ्याचं. एकाच शिट्टीची दोन रेकॉर्डिंगं कधी सारखी निघत नाहीत, म्हणून पुन्हा जातात.

अर्थात ज्यांनी ही इंजिनं चालवली त्यांना आपलं हे कौतुक जरा पोरकटच वाटतं. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, दौंडच्या शेडमध्ये फायरमन होते. मी एकदा फोनवर रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाले, “अरे, शिट्टी काय ऐकतोस, इंजेक्टर ऐक, बॉयलरमध्ये पाणी ढकलतो तो. इंजेक्टरनं पाणी पकडलं की तो गायला लागतो. तो गायचा थांबला की आमचं पाणी पळायचं तोंडचं.” मोठ्या लाइनच्या इंजिनावर ड्रायव्हरबरोबर दोन फायरमन असायचे, एकानं टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातला, कोळसा पुढे ओढायचा, दुसऱ्यानं फायरबॉक्सात मारायचा. चढावर दाब उतरत असताना ड्रायव्हर उगाच शिट्टी ताणायला लागला की काका मनातल्या मनात त्याला चार शिव्या घालायचे, कारण गेलेली वाफ त्यांच्याच फावड्यानं परत आणायची होती. शिट्टी ही त्यांच्या लेखी कामाची भाषा. लांब म्हणजे फाटक किंवा बोगदा आला, दोन आखूड म्हणजे गार्डनं इशारा द्यावा, तीन आखूड म्हणजे गार्डनं ब्रेक लावावा, चार आखूड म्हणजे गाडी पुढे जाऊ शकत नाही. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, सीटी, फाटक. वाफ गेली तरी पाटी राहिली.

‘ड्रायव्हरची बायको शिट्टीवरून नवऱ्याला ओळखायची आणि चुलीवर भात टाकायची’ ही गोष्ट प्रत्येक रेल्वे कॉलनीत सांगतात. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी झोपलेली असायची.”

आता जतन करण्याबद्दल माझं मत, जे सगळ्यांना पटेलच असं नाही. चौथऱ्यावर इंजिन चढवून त्याला लाल-काळा ऑइलपेंट फासला की आपण वारसा जपला असं समजतो. अशा इंजिनावरच्या पितळेच्या वस्तू आधी नाहीशा होतात, आणि त्यात शिट्टी पहिली. लोखंड उरतं. खरं जतन महाग आणि किचकट असतं, कारण ते बॉयलरचं असतं. डब्ल्यूपी जातीच्या एक्स्प्रेस इंजिनाचा बॉयलर चौरस इंचाला 210 पौंड दाबावर चालायचा. अशा भांड्यात पुन्हा विस्तव घालायचा तर नळ्या बदला, जाडी मोजा, पाण्याचा दाब देऊन तपासा, फायरबॉक्सच्या माथ्यावरचा लेड प्लग नवा घाला; पाणी कमी पडलं तर तोच आधी वितळून धोका सांगतो. थंड इंजिन सावकाश तापवायला रात्र जाते. आणि हे हातानं येणारी माणसं म्हातारी झालीत. मोठ्या लाइनवरून वाफेच्या नियमित गाड्या 1995 मध्येच संपल्या. इतकं सगळं केल्यावर ती शिट्टी वाजते. म्हणून ती वाजली की आम्ही मोठी माणसं लहान मुलांसारखी वागतो.

हे काम हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये होतं. 1893 ची शेड, मोडीत निघता निघता वाचली. तिथे ‘अकबर’ आणि ‘आझाद’ ही डब्ल्यूपी इंजिनं अजून पेटवली जातात. नाकावर तारा असलेली, बंदुकीच्या गोळीसारख्या तोंडाची. 1855 मध्ये लीड्सला बांधलेली ‘फेअरी क्वीन’ 1997 साली पुन्हा धावायला लागली आणि पुढच्या वर्षी जगातलं सर्वांत जुनं चालतं इंजिन म्हणून गिनीजमध्ये गेली. पण रेवाडीला इंजिन पेटण्याचे दिवस ठरलेले नसतात. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दिल्लीपलीकडे जायचं आणि शेडमध्ये सगळं थंड, असं व्हायला नको.

तुमच्यासाठी उत्तम म्हणजे उटीची गाडी. कोइम्बतूरहून मेट्टुपालयम जवळ आहे. तिथून कुन्नूरपर्यंत चढाला अजून वाफेची एक्स जातीची इंजिनं लागतात, आणि कल्लारपुढे रुळांमध्ये दात्यांची पट्टी आहे, कारण चढ बारास एक इतका उभा होतो. चार सिलिंडर असतात. दोन चाकांसाठी, दोन त्या दातेरी चक्रासाठी. दातेरी पट्टी सुरू झाली की इंजिनाचा ठेका बदलतो, दोन वेगवेगळ्या चालींचे सुस्कारे एकात एक मिसळतात. लेकीला आधी सांगून ठेवा, तिला नक्की कळेल. हिलग्रोव्हला गाडी पाणी प्यायला थांबते. तेव्हा खाली उतरून इंजिनाशेजारी चार पावलं लांब उभे राहा. तेल, ओली वाफ आणि तापलेलं लोखंड यांचा वास येतो, आणि निघताना जी शिट्टी होते ती समोरच्या डोंगरावर आपटून परत येते. जवळ असाल तर पोरीच्या कानांवर हात ठेवा. आवाज खरंच कर्कश असतो, पहिल्या वेळी मुलं दचकून रडतात आणि मग दिवसभर तोच आवाज तोंडानं काढत बसतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चढताना इंजिन मागून ढकलतं, त्यामुळे दऱ्या बघायच्या असतील तर पुढचा डबा आणि आवाज हवा असेल तर मागचा डबा. कुन्नूरच्या पुढे बहुतेक वेळा डिझेल इंजिन लावतात, तेव्हा वाफेसाठी येत असाल तर मेट्टुपालयम ते कुन्नूर हा टप्पा सोडू नका. जागा थोड्या असतात, सुट्टीच्या दिवसांत आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं. पावसाळ्यात दरड कोसळून लाइन बंद पडते, म्हणून मी तरी जानेवारी-फेब्रुवारी बघेन. तोपर्यंत एखाद्या रविवारी कर्जत लोकल पकडून नेरळला जाऊन या. गप्प असलं तरी ते इंजिन बघून ठेवलं की पुढे उटीला तिला फरक कळेल.