जुलैत भीमाशंकर: शिडी घाट की गणेश घाट?

तुम्ही विचारलंय की चौघे मुंबईहून जाताय, त्यातले दोघे पहिल्यांदाच ट्रेकला येतायत, तर पायथ्याच्या खांडस गावाहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढून त्याच संध्याकाळी खाली उतरता येईल का. शिवाय पोंचो घ्यावा की रेनकोट.

गणेश घाटाने, म्हणजे खांडसहूनच वर जाणाऱ्या दुसऱ्या वाटेने, जा. जुलैत शिडी घाटाचं नाव काढू नका. लोखंडी शिड्या आहेत, मान्य. पण कातळाला त्या जिथे लावल्यात तिथूनच पाणी खाली येतं. पाऊस जोरात असला की शिडीवरचा माणूस धबधब्यात उभा असतो. वर बघता येत नाही, खालून मारलेली हाक ऐकू येत नाही. शिडी संपली की शेवाळलेला कातळ. नवख्याचे पाय तिथेच लटपटतात, आणि तिथून त्याला परत खाली घेणं हे वर चढवण्यापेक्षा अवघड.

इतक्या तावातावाने लिहितोय, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. एका पावसाळ्यात आमचाही बेत शिडी घाटाचाच होता. मेव्हणा स्वतःची गाडी घेऊन आला, बरोबर त्याच्या ऑफिसातली मंडळी. आदल्या रात्रभर पाऊस. खांडसच्या पुढे पुलापाशी वाटा फुटतात तिथे मी नुसता ओढ्याकडे बघत थांबलो. पाणी लाल, गढूळ. काड्या, पालापाचोळा, मुळासकट उपटलेलं गवत वाहत येत होतं. आमच्या डोक्यावर जेमतेम भुरभुर होती, म्हणजे वर कड्यावर कोसळत होता. गुरं घेऊन निघालेले एक बाबा इरल्यातूनच म्हणाले, "शिडीवरनं पानी चाललंय कालपास्नं." मी म्हटलं, चला, गणेश घाट.

मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. शिडीचा फोटो टाकून त्याने माणसं जमवली होती ना! "घाबरलास तू," म्हणाला. सगळ्यांसमोर. घाबरलोच होतो, मग? सात माणसं माझ्या भरवशावर आली होती.

गणेश घाटही सुखाचा नव्हता. गणपतीचं देऊळ मागे टाकल्यावर एका ओढ्याने अडवलं. गुडघ्याच्या वर पाणी, आणि तळ दिसत नाही. मेव्हणा म्हणे, दोर कमरेला बांधून एकेकाला सोडू. अजिबात नाही! पाय सुटला तर दोरच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. काठावरच्या एका दगडावर खूण धरली आणि बसून राहिलो. तासाभराने तो दगड वीतभर उघडा पडला. मग ओढा जिथे रुंद आणि उथळ होता तिथून सॅकचे पट्टे सोडून, एकमेकांना धरून, प्रवाहाकडे तोंड करून पार झालो. खाली लगेच धबधबा असेल तर मात्र ओढ्यात पाय घालूच नये, पाणी कितीही कमी दिसो.

या भानगडीत वर भीमाशंकरच्या देवळाशी पोचायला चार वाजून गेले. ठरल्याप्रमाणे लगेच उतरायचं होतं. मी ते रद्द केलं, एसटीने पुण्याला जाऊ म्हटलं. मेव्हणा भडकला, कारण गाडी खांडसला! "पाऊस थांबलाय की आता," हे त्याचं म्हणणं. पाऊस थांबला तरी डोंगर पाणी धरून असतो. याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. निसरड्या वाटेने, अंधारात, दमलेल्या नवख्यांना घेऊन मी उतरणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याहून कर्जत, तिथून टमटमने खांडस करावं लागलं. पेट्रोल, तिकीट आणि बुडालेली रजा यांचा हिशोब तो प्रत्येक लग्नाकार्यात ऐकवतो. सगळे धडधाकट घरी आले, हे त्या हिशोबात कुठेच नसतं.

तर गाडी नेऊ नका. नेरळ किंवा कर्जतला लोकलने उतरा आणि वरून एसटीने पुण्याकडे निघा. शेवटच्या गाडीची वेळ देवळाशी पोचल्या पोचल्या विचारा. चौघांत वाट बदलायचा निर्णय कोणाचा, ते घरीच ठरवा. पुलावर मतदान घेऊ नका. पोंचो वाऱ्याने तोंडावर येतो, त्यापेक्षा रेनकोट बरा. भिजणार तर आहातच.

हे सगळं भर पावसाचं सांगतोय. पाऊस उघडून कातळ वाळला की शिडी घाट सुरेख आहे, जाणता माणूस बरोबर हवा इतकंच. पावसाळ्यात रायगड जिल्ह्यात बंदीचे आदेश निघतात, तेही निघण्याआधी बघून घ्या. मेव्हण्याला मी दर दिवाळीला म्हणतो, चल, शिडी घाट करू. तेव्हा त्याला सवड नसते. कोरड्या शिडीच्या फोटोला लाइक्स येत नाहीत म्हणे.