काळजी थांबवली तर त्याला काही होईल का?

२०२५ च्या मे महिन्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच बायकांचा प्रश्न एकच होता. नवरा, मुलगा नाहीतर भाऊ सैन्यात, आणि इकडे खरीप तोंडावर आलेला. "तिकडं तो जीव मुठीत घेऊन उभा, आणि मी इथं शेणखताच्या खेपा मोजत बसू? मनच होत नाही. आणि मन झालं तर स्वतःचीच लाज वाटते."

सातारा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. इथं घरटी एक जण फौजेत आणि बाकीचे रानात, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तरी प्रत्येक बाई हा प्रश्न आवाज खाली करून विचारते. जणू तिच्या एकटीच्याच मनात काहीतरी वाईट आलंय.

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पस्तिशीचं, चार एकर रान, शाळेत जाणारी दोन मुलं आणि घरात पंच्याहत्तरी गाठलेल्या आजेसासूबाई. सासू-सासरे मागेच गेले. नवरा नांगरटीच्या बेतानं सुट्टीवर आला होता. २२ एप्रिलला पहलगामला हल्ला झाला, २६ माणसं मारली गेली, आणि काही दिवसांतच त्याला परत बोलावणं आलं. रान अर्धंच नांगरून झालं होतं. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, तेव्हापासून त्याचा फोन लागेना.

ताई माझ्याकडे आल्या त्या १० मेच्या शस्त्रसंधीनंतर. हे मुद्दाम सांगते, कारण भाऊबंदांचं म्हणणं होतं, "आता थांबलं ना सगळं? फोन पण आला. मग आता काय?" पण असं पुष्कळदा होतं. धोका डोक्यावर असतो तेव्हा माणूस दात-ओठ खाऊन उभा राहतो आणि थोडी उसंत मिळाली की कोसळतो. ताईंना रात्री दोन-अडीचला जाग यायची ती पहाटेपर्यंत. तोंडाला चव नाही. टीव्ही दिवसभर चालू. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेला, आणि रानात रेंज जाते म्हणून त्या रानात जाईनाशा झालेल्या.

त्यात वरून पाऊस. त्या वर्षी मे महिन्यातच वळवानं धुऊन काढलं आणि २५-२६ मेपर्यंत मान्सूनच महाराष्ट्रात शिरला. रानाला वाफसा, म्हणजे मशागतीला हवी तेवढीच ओल, येईना. उरलेली नांगरट अडकली, शेणखत पसरायचं राहिलं, तण गुडघ्याला लागलं. रोज कुणीतरी विचारायचं, "यंदा काय करणार तुम्ही?" या विचारण्याचीही त्यांना धास्ती बसली होती.

दुसऱ्या भेटीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, कुणाला सांगितलं न्हाई. परवा घेवड्याचं बी निवडत बसले होते. दीड तास मला ह्यांची आठवणच आली न्हाई. ध्यानात आलं आणि पोटात गोळाच आला. मी इसरले, आणि तेवढ्यात तिकडं काय झालं असतं तर?"

त्या दिवसापासून त्यांनी मन रमेल असं प्रत्येक काम सोडून दिलं होतं. ज्या कामात जीवाला आराम मिळत होता, नेमकं तेच.

या भीतीमागचा हिशेब थोडा सविस्तर सांगते, कारण कित्येक घरांत तो न बोलता चालू असतो. आपल्या हातात काहीच नसतं तेव्हा मन काळजीलाच काम समजायला लागतं. मी जागी आहे, मी त्याला आठवतेय, म्हणून तो सुखरूप आहे. हा एक पहाराच म्हणायचा. रात्र जाते, सकाळी काही वाईट ऐकू येत नाही आणि मन त्याचं श्रेय पहाऱ्याला देऊन टाकतं. मग दुसऱ्या रात्री झोपायची हिंमत होत नाही. अशा बाईला "खंबीर राहा" म्हणण्यात काहीच अर्थ नाही. माझ्या मते सैनिकांच्या घरी दिला जाणारा हा सगळ्यात निकामी सल्ला आहे. ती खंबीरपणेच तर जागतेय! "कशाला काळजी करतेस?" हेही तसंच. तिच्या कानाला ते 'त्याला वाऱ्यावर सोड' असं ऐकू येतं.

पुढच्या वेळी मी आजेसासूबाईंनाही सोबत आणायला सांगितलं. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचे मालक लढाईवर होते, थोरला मुलगा मांडीवर होता, आणि रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा होता. बातमी यायची ती पत्रानं, नाहीतर तारेनं. तारवाला गल्लीत शिरला की सगळ्या बाया दारातून आत पळायच्या, तो आपल्या दाराशी थांबू नये म्हणून. मी विचारलं, "आजी, तुम्ही कशा राहिलात?" मला वाटलं होतं, देवाचं नाव घेतील. त्या नातसुनेकडं न बघता म्हणाल्या, "म्या केस इंचरले न्हाईत. लढाई हाय तवर फणी लावायची न्हाई, असं मनाशी बोलले हुते. सासूला बी सांगितलं न्हाई. राखणीला जायचे, गोफण फिरवायचे, घरी यून भाकरी थापायचे. पर फणी न्हाई लावली."

"मग?"

"मग लढाई थांबली. पत्र आलं. डोस्क्यावरनं पाणी घेतलं, इंचरलं, आन् फिटलं."

ताई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, पण हे कधी बोलणं झालं नव्हतं.

३ ते १६ डिसेंबर, ती लढाई तेरा दिवस चालली. आजींच्या नेमाला शेवट होता आणि तो नेम त्यांना शेतातून उठवत नव्हता, घास अडवत नव्हता. ताईंच्या पहाऱ्याला शेवटच नव्हता. हातातला फोन चोवीस तास काही ना काही दाखवत होता, आणि त्यातलं पुष्कळसं खोटं होतं. त्या दिवसांत जुन्या चित्रफिती, दुसऱ्याच देशातले स्फोट 'आत्ताचे' म्हणून फिरत होते. केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाला, पीआयबीला, 'फॅक्ट चेक'मधून रोज खुलासे करावे लागत होते. आजींच्या पिढीचं मन लोखंडाचं होतं, असं मी मानत नाही. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा याच आजी खडी फोडायला गेल्या, मुलाला सुकडीवर, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या कोरड्या पिठावर, जगवलं, आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज आजही फुटतो. "लढाई तेरा दिसांची. दुष्काळ लई लांबला," त्या म्हणाल्या. पण भीतीला एक जागा नेमून द्यायची आणि उरलेल्या दिवसात काम करायचं, हे त्यांना कुणी न शिकवता जमलं होतं.

आम्ही तेच थोडं आखून घेतलं. संध्याकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास ओसरीवर बसायचं, आजी सोबत. त्या वेळात मनात येईल ती काळजी करायची, बोलून दाखवायची, रडू आलं तर रडायचं. दिवसा काळजी आली तर तिला 'संध्याकाळी' म्हणायचं. बातम्या सकाळी एकदा, रात्री जेवणाआधी एकदा. गावातल्या ग्रुपवरचं काहीही उघडायचं नाही. फोन मोठ्या मुलाकडे, आणि त्याला सांगून ठेवलेलं की बाबांचा किंवा युनिटचा फोन आला तरच रानात पळत यायचं. फोन न लागणं म्हणजे वाईट बातमी नव्हे. कामगिरीवर फोन बंद असतात आणि काही कळवायचं असेल तर युनिट स्वतः कळवतं. हे त्यांना माहीत होतं, पण कुणीतरी शांतपणे पुन्हा सांगायला हवं होतं.

'विसरण्याचा' प्रश्न मात्र नुसत्या बोलण्यानं सुटणारा नव्हता. म्हणून ठरवून विसरायचं काम काढलं. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलं होतं, त्याची उगवण तपासायची होती. सोयाबीनच्या बियाचं साल पातळ असतं, पोतं जरा आपटलं तरी उगवण घटते, त्यामुळे घरचं बी वापरायचं तर हे करावंच लागतं. ताईंनी सरसकट शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. त्या वेळात फोन जवळ नाही. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, दाणे दोनदा मोजावे लागले. काम झाल्यावर वहीत एवढंच लिहायचं: किती वेळ त्यांची आठवण नव्हती, आणि त्या वेळात तिकडं काय बदललं. दुसऱ्या रकान्यात रोज एकच शब्द यायला लागला, 'काही नाही'. सहाव्या दिवशी गुंडाळी उघडली तर शंभरातले ब्याऐंशी दाणे चांगले उगवले होते. सत्तरच्या वर उगवण असली की बी पेरायला चालतं. ताईंनी मला त्याचा फोटो दाखवला. पांढरे मोड एकाच बाजूला वळलेले. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल पडलेला मी पाहिला.

शेतीचे निर्णय आम्ही फार लांबवर नेले नाहीत. "यंदा काय करणार?" हा प्रश्न एका माणसाला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून त्याचे तुकडे केले. या आठवड्यात फक्त तण. वाफसा आला की रोटर मारायचा, ट्रॅक्टरवाल्याला आजच सांगून ठेवायचं. ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात पाणी साचतं, आणि घेवड्याला साचलेलं पाणी सोसत नाही. ते रान यंदा पडीक ठेवायचं. पडीक ठेवायचं म्हटल्यावर त्या रडल्या. 'ह्यांना काय वाटेल', म्हणून. फोन लागला तेव्हा विचारलं, तर तो म्हणाला, "बरं केलंस." पेरणीला शेजारच्या दोन घरांशी पैरा केला, आज ते आमच्या रानात, उद्या आम्ही त्यांच्या. मदत मागायला जीव धजत नव्हता, पण पैऱ्यात देणं-घेणं असतं, मान खाली घालावी लागत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी उरकली. उशिरा, पण झाली.

ताई अजून महिन्यातून एकदा येतात. नवरा अजून तिकडेच आहे. रात्री अधूनमधून जाग येते, पण उठून पाणी पिऊन त्या परत झोपतात.

अशा घरात तुम्ही असाल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. नाही, तुम्ही काळजी थांबवल्यानं त्याला काही होणार नाही आणि केल्यानं तो वाचणारही नाही. रानात तुमचं मन रमलं तर ते त्याच्याशी बेइमानी करणं नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल, मुलांकडं बघावंसं वाटत नसेल, छातीत धडधड वारंवार होत असेल, तर नुसतं बोलून भागणार नाही. मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. औषध काही काळ घ्यावं लागलं तर घ्या. 'सगळं संपवावं' असा विचार एकदाही आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. कागदपत्रांची, पैशांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि फोन जवानाच्या बायकोनंच लावायला हवा असं नाही. दीर, जाऊ, शेजारीण, कुणीही लावला तरी चालतो.