हॉस्पिटलमधल्या सिस्टरच्या कौतुकाचं पत्र लिहायचंय ना, मग हे बघ

अरे, नुसतं 'सिस्टर खूप चांगल्या होत्या' लिहू नकोस, त्यातून मेट्रनला, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांना, काय कळणार. माझी आई ठाण्यात अ‍ॅडमिट होती तेव्हा रात्री दोनला तिची शीर सापडेना, तर सिस्टरांनी आधी तिचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून गरम केला, मग सुई लावली, आणि मला म्हणाल्या जा, चहा पिऊन ये, मी आहे इथे. मी पत्रात एवढंच लिहिलं, विशेषणं सगळी उडवली.

नाव आयकार्डवरून बघून घे, वॉर्ड, तारीख, शिफ्ट टाक, एका मजल्यावर तीन सुनीता निघतात. पेढे दे हवं तर (दहा मिनिटांत संपतात), पण पत्र मेट्रनच्या नावाने आणि कॉपी सिस्टरांना. जमलं तर १२ मेच्या, म्हणजे नर्सेस डेच्या आधी पोचव.