राउटर बदलला आणि डीव्हीआर ‘ऑफलाइन’ झाला

प्रश्न : आमचे घर सावंतवाडीजवळच्या एका गावात असून तेथे आई-वडील दोघेच राहतात, मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. घराला चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवून चार वर्षे झाली. गेल्या महिन्यात जुने इंटरनेट बंद करून फायबरची जोडणी घेतली, नवा राउटर आला आणि त्या दिवसापासून माझ्या मोबाइलवरील ॲपमध्ये डीव्हीआर ‘ऑफलाइन’ दिसतो. घरच्या टीव्हीवर मात्र चारही कॅमेरे व्यवस्थित दिसतात. एक तंत्रज्ञ म्हणतो, डीव्हीआरचा लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल खोचायची जागा) जळाला आहे, नवीनच घ्या. दुसरा म्हणतो, स्टॅटिक आयपी (कधीही न बदलणारा इंटरनेट पत्ता) विकत घेऊन राउटरवर पोर्ट उघडा, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत येणारी वाट मोकळी करा. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तूर्तास दोन्ही खर्च थांबवा. टीव्हीवर चित्र दिसते आहे, म्हणजे कॅमेरे आणि डीव्हीआर शाबूत आहेत. बिघाड राउटर बदलल्याच्या दिवशीच सुरू झाला, त्यामुळे आधी संशय घ्यायचा तो डीव्हीआरमध्ये भरून ठेवलेल्या जुन्या पत्त्याचा.

कॅमेरे बसवणारे कारागीर बहुधा डीव्हीआरला कायमचा आयपी ॲड्रेस (घरच्या नेटवर्कमधील पत्ता) देऊन जातात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०८, आणि गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचे दार असलेल्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१. जुना राउटर होता तोवर हे चालले. नवा राउटर जर १९२.१६८.२९.१ या पत्त्यावर असेल, तर घरातील बाकी सर्व उपकरणे ‘२९’च्या वाडीत राहायला गेली आणि डीव्हीआर मात्र अजून ‘१’च्या वाडीत बसून, आता तेथे नसलेल्या गेटवेला हाका मारत आहे. म्हणूनच तो कितीही वेळा बंद करून सुरू केला तरी फरक पडत नाही.

प्रथम वडिलांना डीव्हीआरच्या मागे, लॅन केबल जेथे खोचली आहे तेथील बारीक दिवे पाहायला सांगा. ते लुकलुकत असतील, तर पोर्ट जळाल्याची शक्यता फारच कमी. मग डीव्हीआरच्या माउसने मेनूतील ‘नेटवर्क’चे पान उघडून टीव्हीच्या पडद्याचा फोटो तुम्हाला पाठवायला सांगा. आकडे फोनवर वाचून घेऊ नका. एक ठिपका चुकला तरी तासभर वाया जातो. वडिलांच्या मोबाइलवर वायफायच्या तपशिलात दिसणारा गेटवे या फोटोतील पत्त्याशी ताडून पाहा. पहिले तीन आकडे जुळत नसतील, तर दुखणे सापडले.

उपाय सोपा आहे. त्याच पानावर ‘डीएचसीपी’ सुरू करून सेव्ह केले, की राउटर स्वतःच योग्य पत्ता देतो. पत्ता हातानेच भरायचा असल्यास पहिले तीन आकडे नव्या राउटरचे, शेवटचा घरात दुसऱ्या कशालाही न दिलेला, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता लिहावा. डीएनएसचा रकाना अनेकजण विसरतात, तेथे ८.८.८.८ भरा, कारण तो चुकीचा असेल तर बाकी सारे बरोबर असूनही डीव्हीआरला कंपनीच्या सर्व्हरचा ठावठिकाणा लागत नाही. त्यानंतर ‘पीटूपी’ किंवा ‘क्लाउड’ (कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने मोबाइलशी होणारी जोडणी) या पानावर ‘ऑनलाइन’ दिसायला हवे. तरीही काही झाले नाही, तर तीच केबल काढून लॅपटॉपला लावून पाहा. लॅपटॉपवर वायफाय बंद ठेवूनही इंटरनेट चालले, डीव्हीआर मात्र डीएचसीपीवर असूनही पत्ता घेत नसला, तरच पहिल्या तंत्रज्ञाचे म्हणणे विचारात घ्या.

पोर्ट उघडण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एक तर अनेक फायबर जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या माहितीत ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरील इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर स्टॅटिक आयपी घेतल्याशिवाय नुसता पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. पीटूपीमध्ये डीव्हीआर स्वतःच बाहेर संपर्क साधतो, त्यामुळे ही अडचण त्याला येत नाही. दुसरे म्हणजे, असा उघडा पोर्ट साऱ्या जगाला दिसतो. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. दोन वयस्कर माणसांच्या ओसरीचे चित्र परक्याच्या हाती जाणे तर त्याहून वाईट. तेव्हा पीटूपीच वापरा, पण ‘ॲडमिन’चा पासवर्ड आजच बदला आणि तो कागदावर लिहून आईजवळ ठेवा, पुढल्या वेळी मेनू उघडताना तोच लागेल.

जोडणी सुरू झाली की पडद्यावरील तारीख-वेळ तपासा. ‘एनटीपी’ (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय) सुरू करून टाइम झोन +५:३० ठेवा. दर वेळी वीज गेल्यावर घड्याळ मागे जात असेल, तर डीव्हीआरच्या आतील बटणासारखा सेल संपला असण्याची शक्यता आहे. तो बदलून घ्या. चोरीची तक्रार देताना चित्रणावर भलतीच तारीख असली, तर पोलिसांना ते पटवून देणे अवघड जाते.