‘सीट बुक करून टाकू का, मॅडम?’

नीटचा निकाल लागला की आमच्या लातुरात दोन तऱ्हेचे फ्लेक्स लागतात. पहिले क्लासवाल्यांचे, गुणवंतांच्या फोटोंचे. चार दिवसांनी दुसरे येतात: ‘नीट हुकली? चिंता नको!’ त्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी मायक्रोस्कोपात डोकावत असते. खाली डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका), एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशी यादी, ‘सरकारमान्य’, ‘शंभर टक्के नोकरी’ आणि एक मोबाइल नंबर. त्या नंबरावर बोलून झालं की पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात, काही जण पैसे भरायच्या आधी, बरेचसे भरून झाल्यावर. सगळ्यांचं विचारणं एकच: हे कॉलेज खरं आहे का, आणि लेकराला पुढं नोकरी लागेल का?

सायलीचे वडील पैसे भरायच्या आधी आले. (नाव आणि ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.) औसा तालुक्यातलं घर, थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीनच्या भावावर सगळं गणित. पिशवीतून घडी केलेलं माहितीपत्रक काढून त्यांनी टेबलावर पसरलं.

“पोरगी हुशार हाय, मॅडम. दोनदा नीट दिली, नाही जमलं. आता हे एक वर्षाचं डीएमएलटी म्हणायलेत. एक लाख दहा हजार. सोमवारच्या आत पाच हजार भरले तर वीस हजार सूट. सीट बुक करून टाकू का?”

सायली शेजारी गप्प बसली होती. तिला विचारलं, लॅबच का? म्हणाली, “नर्सिंग नको वाटतंय. इंजिनिअरिंगला जायचं तर गणितच सोडलंय. मग हे राहिलं.” लॅब आतून कधी पाहिली होतीस का? तर काका दवाखान्यात असताना रिपोर्ट आणायला खिडकीपर्यंत गेली होती, तेवढंच.

घाईच्या सवलतीबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्या संस्थेला विद्यार्थ्याने नीट चौकशी केलेली परवडते, ती सोमवारची मुदत घालत नाही. सायलीच्या वडिलांना म्हटलं, दादा, सोमवार जाऊ द्या, मग बोलू.

माहितीपत्रक बाजूला ठेवून मी त्यांच्यासमोर वेगळाच कागद ठेवला. आरोग्य खात्याच्या जुन्या भरतीच्या जाहिराती मी जपून ठेवते. सायलीला म्हटलं, प्रयोगशाळेच्या पदासमोरची ‘शैक्षणिक अर्हता’ मोठ्याने वाच. एका पदाला विज्ञानाची पदवी आणि वर डीएमएलटी मागितली होती. दुसरीकडे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची (लॅबसारख्या तंत्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या परिषदेची) नोंदणी हवी होती. कॉलेज निवडायचं तर मी अशी उलटी वाट धरायला लावते: जिथं नोकरी करायची तिथली अट आधी वाचायची, त्या अटीत बसणारी पदविका किंवा पदवी कुणाची ते शोधायचं, मग ती देणाऱ्या कॉलेजच्या दारात जायचं. दारापासून सुरुवात केली की बोलणाऱ्याच्या बोलण्यात माणूस गुंततो.

“पण हे सरकारमान्यच हाय की,” दादा म्हणाले. पत्रकाच्या मागच्या पानावर चार प्रमाणपत्रांचे छोटे फोटो होते. चष्मा लावून एकेक वाचलं. पहिलं आयएसओ 9001 चं. ते संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, अभ्यासक्रमाला त्याने मान्यता मिळत नाही. दुसरं धर्मादाय आयुक्तांकडच्या न्यास नोंदणीचं. असा न्यास गणेश मंडळाचाही असतो. तिसरा स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा क्रमांक, चौथी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची. चारही कागद खरे होते. त्यातल्या एकानेही मुलीच्या हाती डीएमएलटीची पदविका द्यायचा अधिकार येत नव्हता.

“दादा, रान घेताना सातबारा कुणाच्या नावचा ते आधी बघता ना? इथं शेवटच्या पदविकेवर सही कुणाची ते बघा.”

ते शोधायला वेळ लागला. तळाला बारीक अक्षरात परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं नाव सापडलं. सायलीने माझ्यासमोरच लातुरातल्या त्या संस्थेतल्या मॅडमना फोन लावला. उत्तर मिळालं, “परीक्षेला आपण बस करतो, सगळ्यांना घेऊन जातो, काळजी करू नको.” बसचं ऐकून दादांना बरं वाटलं, मला नाही. राज्याच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असं केंद्र काढून शिकवता येत नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोग वर्षानुवर्षं सांगत आला आहे. आणि दूरस्थ पद्धतीने म्हणावं तर 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून या शाखांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही आयोगाने बंद केले आहेत. रक्त घेणं घरबसल्या कसं शिकवणार, हा प्रश्न खरं तर आधीच पडायला हवा होता.

उरली एक वर्षाची गोष्ट. केंद्राच्या 2021 च्या कायद्याने (अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा जो राष्ट्रीय आयोग आला तो कायदा) तंत्रज्ञ या वर्गातल्या पदविकेला किमान 2000 तासांचं शिक्षण लागतं, आणि तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं. त्यामुळे आज कुणी एका वर्षात टेक्निशियन करून देतो म्हणालं, की मी आधी तासांचा हिशोब मागते. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे कमी मुदतीचे अभ्यासक्रम असतात, ते खोटे नव्हेत. मदतनिसाच्या कामाला त्यांचा उपयोग होतो, आणि ज्या घराला वर्षाच्या आत कमाई हवीच आहे त्यांना मी ते सुचवतेही. अडचण ते दुसऱ्याच नावाने विकले जातात तेव्हा होते. नोंदणीचे नियमही नव्या कायद्यामुळे बदलत्या चौकटीत आहेत. म्हणून कोर्सचं पूर्ण नाव आणि पदविका देणाऱ्याचं नाव लिहून परावैद्यक परिषदेला थेट विचारावं, लेखी. संस्थेने दाखवलेल्या जुन्या परिपत्रकाच्या झेरॉक्सवर जाऊ नये.

एवढं ऐकूनही दादांचं मन वळेना. इमारत चांगली आहे, एसी आहे, माणसं गोड बोलतात. मग मी सायलीलाच कामाला लावलं. म्हटलं, जा, लॅब बघून ये. ऑफिसात कुणाला काही विचारू नकोस. मायक्रोस्कोपला 100 ची (शंभर पट मोठं दाखवणारी) लेन्स आहे का बघ, शेजारी इमर्शन ऑइलची बाटली आहे का आणि ती वापरातली दिसते का बघ. रक्ताच्या ट्यूबांच्या खोक्यावरची मुदत वाच. सुया टाकायचा पांढरा डबा शोध. आणि दुसऱ्या बॅचची एखादी मुलगी चहाच्या टपरीवर गाठून तिचं जर्नल बघायला माग.

सायली दोन दिवसांनी आली ती जरा वेगळीच. पहिल्यांदाच वडिलांच्या आधी बोलली. मायक्रोस्कोप होते, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि ज्याची पिशवी तिने सरकवून पाहिली त्याला 40 च्या पुढची लेन्सच नव्हती. हे मी मुद्दाम बघायला लावते. मलेरियाचे जंतू रक्ताच्या काचपट्टीवर बघायला 100 ची ऑइलची लेन्स लागते. ती नसेल तर तिथल्या मुलांनी तो परजीवी पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेला असणार. ट्यूबांची मुदत उलटून गेलेली होती. पांढरा डबा नव्हता. सुया-बिया कचऱ्याच्या बादलीत जात असतील तर जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम शिकवणार तरी कोण?

जर्नलचा फोटो तिने मोबाइलवर दाखवला. अठरा प्रयोग, अठरा सह्या, एकाच शाईच्या, एकाच तारखेच्या. ती मुलगी टपरीवर म्हणाली होती, “रक्त काढायला मॉडेलचा हात आहे. पेशंटचं अजून नाही काढलं. दवाखान्याचं टाय-अप पुढच्या महिन्यात होणार म्हणतात, मागच्या महिन्यातही असंच म्हणाले होते.” तिच्या आधीच्या बॅचमधले दोघे कुठं लागले विचारलं, तर एक मेडिकल दुकानात आणि एक मोबाइलच्या दुकानात. दुकानात काम करण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्यासाठी एक लाख दहा हजार कशाला?

याच्या उलट काय असतं तेही तिने बघावं म्हणून एका ओळखीच्या तंत्रज्ञांना विनंती करून मी तिला मोठ्या रुग्णालयाच्या रक्तसंकलनाच्या खिडकीमागे तासभर उभं केलं. सकाळची नऊची रांग. इंटर्न मुलगी रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घेत होती, चिठ्ठीवरचं आपण वाचून ‘हो ना?’ विचारत नव्हती. सुई एकदाच, पण ट्यूबांचा क्रम ठरलेला: निळ्या बुचाची आधी, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. सायलीने विचारलं, क्रम चुकला तर? ती म्हणाली, जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर रिपोर्टात पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम कमी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याची तपासणी चुकते, कारण आतलं सायट्रेट, तेही रक्त गोठू न देणारंच, एक भागाला नऊ भाग रक्त या हिशोबाने घातलेलं असतं. हे सगळं ती हात न थांबवता सांगत होती. घरी जाताना सायली मला फोनवर म्हणाली, “मॅडम, मला हेच करायचंय.” त्या दिवसापर्यंत तिला हे कामच माहीत नव्हतं, कॉलेजची चर्चा आम्ही सगळे त्याआधीच करत होतो.

दादांच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट अडकून होती. संस्थेतल्या माणसाने सांगितलं होतं की नोकरी नाही लागली तरी पोरगी गावात स्वतःची लॅब टाकेल. हे आमिष मी इतक्यांदा ऐकते की त्याचं उत्तर पाठ झालंय. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की लॅबच्या रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरने. तंत्रज्ञ नमुना घेईल, तपासणी करेल, यंत्र चालवेल. पण सहीचा डॉक्टर न धरता एकट्याच्या नावावर रिपोर्ट देता येणार नाही. दादा बराच वेळ पत्रकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग हे लोक असं राजरोस कसं काय छापायलेत?” याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हतं.

(एक्स-रेकडे जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथं अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागतात, आणि किरणोत्साराजवळ काम करणाऱ्याच्या छातीला स्वतःच्या नावाचा, किरणोत्साराची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज लागतो, जो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. प्रशिक्षणाला पाठवतात त्या एक्स-रे खोलीत विद्यार्थ्यांना बॅज देता का, हे विचारा. ‘कसला बॅज?’ असं उलट विचारलं तर चहा न घेता उठा.)

सायलीसाठी मी दोन वाटा सांगितल्या. एक, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, जो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो: तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. दुसरी, बीएस्सी करून मग रुग्णालयाला जोडलेल्या, जुन्या नावाच्या संस्थेचं डीएमएलटी. दोन्ही वाटा एक वर्षात संपत नाहीत, आणि खरं भांडण इथं झालं. सायलीची आई पहिल्यांदाच आली आणि स्पष्ट बोलली: चार वर्षं बाहेरगावी, म्हणजे लग्नाचं कधी बघायचं? मी लग्नाबद्दल मत दिलं नाही, ते माझं काम नव्हे. फक्त खर्चाची दोन पानं समोर ठेवली. एका बाजूला एक लाख दहा हजार, गणवेश, ‘परीक्षा प्रवास’ आणि ‘टाय-अप शुल्क’ (हे पत्रकात शेवटून दुसऱ्या ओळीत होतं). दुसऱ्या बाजूला शासकीय कॉलेजची फी, मेस, आणि राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळू शकणारी शिष्यवृत्ती. त्या संस्थेचं नाव महाडीबीटीच्या यादीत शोधलं, तिथंही सापडलं नाही. आईंनी हिशोब बघितला, काही बोलल्या नाहीत, पण दादांना म्हणाल्या, “फॉर्म तर भरा.”

पहिल्या यादीत नाव लागलं नाही. ते दिवस घरात वाईट गेले; संस्थेतून रोज फोन, आता तीस हजार सूट. दुसऱ्या यादीत घरापासून लांबच्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. मेसच्या वरणाबद्दल तक्रार करते, आणि मायक्रोबायोलॉजीच्या तोंडी परीक्षेची तिला भीती वाटते.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी पाच-दहा हजार आधीच भरले असतील, त्यांच्यासाठी थोडं. पावती असेल तर तिच्यावर कुणाचं नाव आहे बघा, संस्थेचं की कुणाच्या खासगी खात्याचं. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला दिला असेल तर आजच जाऊन परत मागा. मान्यता असलेल्या संस्थांनासुद्धा मूळ कागद अडकवून ठेवायची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने ठेवलेली नाही. पैसे परत हवेत हे लेखी द्या आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर तेच पत्र पोस्टाने, नोंदणी करून, पाठवा. पुढं ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तो कागद हाताशी लागतो. आणि उरलेले हप्ते, परावैद्यक परिषदेचं उत्तर हातात येईपर्यंत, भरू नका.