ऑपेरा म्हणजे नुसता आरडाओरडा?

"भाषा कळत नाही, नुसता आरडाओरडा वाटतो. तरी लोक इटालियन ऑपेरा अजून का ऐकतात?" असं तुम्ही विचारलंय. 'आरडाओरडा' हा माझ्या दादाचा शब्द. तो ख्याल शिकलेला, आणि या शब्दावरून आमचं वीस वर्षं वाजतंय.

पॅकिंग मशीनच्या कामासाठी मी दोन वर्षं इटलीतल्या पार्मा शहरात होतो. ऑपेरा रचणारा संगीतकार व्हेर्दी, त्याचं जन्मगाव ले रोंकोले याच प्रांतातलं. कारखान्यातला साठीचा एक फिटर मला तेआत्रो रेज्यो या नाट्यगृहात व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो' या ऑपेराला घेऊन गेला, तेही लोज्योनेत, म्हणजे पार छताखालच्या स्वस्त जागांवर. आपल्याकडे पिटातल्या प्रेक्षकांना नाट्यपदं पाठ असत ना, तशीच ही मंडळी. सूर घसरला की हुर्यो.

माझं इटालियन नटबोल्टांपुरतं. तिसऱ्या अंकात ड्यूक 'ला दोन्ना ए मोबिले' गातो. बायका चंचल, एवढाच अर्थ. चाल येताजाता गुणगुणावी अशी. पुढे कुबडा विदूषक रिगोलेत्तो मारेकऱ्याकडून पोतं घेतो. मुलीची अब्रू घेणारा ड्यूक त्यात मेलाय, या आनंदात तो ते नदीत टाकायला निघतो. आत त्याची मुलगीच आहे हे आपल्याला ठाऊक, बापाला नाही. तेवढ्यात लांबून तीच चाल येते. ड्यूक जिवंत! फिटरनं माझा दंड धरला होता. हा प्रसंग त्याला तोंडपाठ, तरी हात थरथरत होता. मला एका शब्दाची गरज पडली नाही. बापाला ती बातमी चालच देते. हे १८५१ सालचं काम आहे.

आणि आरडाओरडा? समोर अख्खा वाद्यवृंद, गायकापुढे माइक नाही. साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास, जिथे वाद्यांचा जोर कमी पडतो, तिथे तो आवाजाला धार आणतो, म्हणून आवाज वाद्यांच्या वर निघतो. नुसतं ओरडणाऱ्याचा घसा पहिल्याच अंकात बसेल. खर्जाची मेहनत जाणणाऱ्या दादाला ही मेहनत का दिसू नये?

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. आधी गोष्ट वाचा, मग हेडफोन लावून हा तिसरा अंक सलग पाहा. सगळेच ऑपेरे इतके घट्ट नसतात, काहींची कथा अगदीच पोकळ असते, हेही खरं. दादाला मी सीडी दिली होती, त्यानं पाच मिनिटांत बंद केली. विलंबित ख्यालातून पाच मिनिटांत उठून जाणाऱ्याला दादा काय म्हणतो, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.