मेल केला, रिप्लाय आला नाही, आता पुढे काय?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय इतक्यांदा आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, राग नसावा. हवामान बदलावर काहीतरी ठोस करा म्हणून स्वतःच्याच लोकप्रतिनिधीच्या मागे लागलेली मुलं-मुली लिहितायत, कोणी १५ वर्षांचं, कोणी २२, आणि सगळ्यांचा सूर थोडा दमलेला आहे. मी काही वर्षं एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात आलेली पत्रं वाचायचं, मेल लावायचं काम केलंय, त्यामुळे आतून कसं चालतं ते जसं पाहिलं तसं सांगते.

ताई, मी ११वीत आहे. आम्ही वर्गातल्या ४० जणांनी आमच्या खासदारांना मेल केला, नेटवर मजकूर तयार मिळाला तोच घेतला आणि खाली आपापली नावं टाकली. दोन महिने झाले, काहीच नाही. बाबा म्हणतात ज्याला मत नाही त्याला कोण विचारतं. खरंय का हे?

बाबांचं म्हणणं पूर्ण खरं नाही, पण रिप्लाय का आला नाही ते मला कळतंय. आमच्या ऑफिसात सकाळचं पहिलं काम म्हणजे ढीग वेगळे करणं, मतदारसंघातले एकीकडे, बाहेरचे दुसरीकडे, आणि मेलमध्ये पत्ता किंवा निदान भागाचं नाव नसेल तर तो बाहेरच्यातच जायचा. मग एकसारख्या मजकुराचे मेल, ते आम्ही पहिला वाचायचो आणि बाकीचे मोजायचो, वहीत लिहायचो की अमुक विषय, ४० मेल, झालं. म्हणजे तुम्हा ४० जणांची मेहनत वहीतली एक ओळ झाली असणार. वाईट वाटतं सांगायला पण असंच होतं, आणि रोज शेकडो मेल येणाऱ्या ऑफिसात दुसरं काही होऊही शकत नाही.

आता दुसरी बाजू सांगते. एकदा एका मुलीचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. तिचा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, उन्हाळ्यात मुलांना चक्कर यायची, तर तिने महिनाभर रोज दुपारी दोन वाजता वर्गातलं तापमान मोजून लिहून ठेवलं आणि तो तक्ता पत्राला जोडला. खाली एकच मागणी, शाळांच्या इमारतींना उष्णतेपासून वाचवण्यासाठी वेगळा निधी ठेवा आणि हा प्रश्न सभागृहात विचारा. तो कागद आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर फिरला, साहेबांच्या पीएने, म्हणजे खाजगी सचिवाने, स्वतः वर नेऊन दिला, आणि नंतर साहेबांच्या भाषणातसुद्धा आला. तिलाही मत नव्हतं. पण तिच्याकडे जे होतं ते कुठल्या अहवालात मिळणार नव्हतं, आणि नेत्याला बोलायला असंच काहीतरी हवं असतं, आपल्या भागातलं, आकड्यासकट, खरं.

मत नसण्याबद्दल अजून एक. २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तिथल्या हवामान कायद्यावर निकाल दिला, तक्रार करणाऱ्यांमध्ये बरीच तरुण मुलं होती. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की २०३० नंतर उत्सर्जन कसं कमी करणार ते कायद्यात नीट लिहिलेलंच नाही, म्हणजे अवघड भाग सगळा पुढे ढकलला, आणि तो भार आज लहान असलेल्यांच्या स्वातंत्र्यावर येऊन पडणार. काही महिन्यांतच संसदेने कायदा बदलला, २०३० पर्यंतची कपात ५५ टक्क्यांवरून ६५ टक्के केली आणि कार्बन न्यूट्रल व्हायचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घ्यायचं, ते वर्ष २०५० ऐवजी २०४५ केलं. बाबांना हे नक्की सांग. ज्यांना आज मत नाही त्यांच्यावरच या निर्णयांचा सगळ्यात जास्त काळ परिणाम होणार आहे, हा मुद्दा आता फक्त भाषणातला राहिलेला नाही.

तर आता परत लिहा, ४० जणांनी नाही लिहिलं तरी चालेल, सहा जणांनी लिहा पण प्रत्येकाने स्वतःच्या शब्दात, वर आपला भाग, आणि मेलपेक्षा भेटीची वेळ मागा. पाच-सहा मुलं गणवेशात समोर बसली की त्यांना वहीतली एक ओळ नाही करता येत.

भेटीची वेळ मिळाली आहे, २० मिनिटं! पण आता आमच्या ग्रुपमध्ये भांडणं चालू आहेत, कोणी म्हणतं प्लास्टिक, कोणी म्हणतं झाडं, कोणी म्हणतं कोळसा बंद करा. नक्की मागायचं काय?

आधी अभिनंदन, २० मिनिटं म्हणजे खूप आहेत, त्यातली १२च मिळतील असं धरून तयारी करा.

मागायचं एकच. आणि ते असं हवं की त्याला हो किंवा नाही म्हणता येईल. ‘पर्यावरणासाठी काहीतरी करा’ याला कोणीही हो म्हणेल, हसून म्हणेल, चहासुद्धा पाजेल, आणि तुम्ही बाहेर पडलात की त्या होचं काहीच होणार नाही. समोरच्या माणसाच्या हातात काय आहे ते आधी बघा. संसदेतल्या किंवा विधानसभेतल्या सदस्याला प्रश्न विचारता येतो, विधेयकावर मत देता येतं, स्वतःचं विधेयक मांडता येतं, समितीत बसता येतं, मंत्र्याला पत्र लिहिता येतं. शहराच्या पातळीवरच्या माणसाच्या हातात बस, झाडं, बांधकामाचे नियम, कचरा, पावसाच्या पाण्याचा निचरा. वीज कशापासून बनवायची हे सहसा त्याच्या हातात नसतं, त्यामुळे नगरसेवकाकडे जाऊन कोळशावर वाद घालणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया. तुमची भेट कोणाशी आहे ते तू लिहिलं नाहीस, पण तुमचं भांडण तिथेच मिटेल बघ, ज्याच्या हातात जे आहे तेच मागायचं.

नेमकी मागणी काय करू शकते याचं माझं आवडतं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. २००५ मध्ये फ्रेंड्स ऑफ द अर्थ या संस्थेने ‘बिग आस्क’ नावाची मोहीम सुरू केली, म्हणजे मोठी मागणी, आणि मागणी खरंच एकच होती, दरवर्षी कार्बन कमी करायला सरकारला कायद्याने बांधा. विधेयकाचा मसुदासुद्धा तयार होता. जवळपास २ लाख लोकांनी आपापल्या खासदाराला गाठलं, कोणी पत्र लिहिलं, कोणी कार्ड पाठवलं, कोणी थेट ऑफिसात गेलं, आणि खासदाराला सांगायचं एवढंच की अशा कायद्याला पाठिंबा देणाऱ्या ठरावावर सही करा. ६४६ पैकी ४१२ खासदारांनी सही केली. मग सरकारलाच स्वतःचं विधेयक आणावं लागलं, त्यात आधी २०५० पर्यंत ६० टक्के कपात होती, ती ८० टक्के झाली, आणि २००८ मध्ये कायदा झाला तेव्हा विरोधात मत देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. सही केलीत का, एवढाच प्रश्न होता, म्हणून खासदारांना टाळता आलं नाही.

विज्ञानाचं लेक्चर देऊ नका. एक आकडा पुरे. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती, तिच्या २०१८ च्या अहवालातला घ्या, तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत साधारण ४५ टक्के कमी व्हायला हवं आणि २०५० च्या आसपास नेट झिरो, म्हणजे जेवढं सोडलं तेवढं शोषून घेतलं, बाकी शून्य. तो सांगायचा, मग लगेच आपल्या भागातली गोष्ट, मग मागणी, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, सराव करा, खरंच करा, एकाने नेता व्हायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. मुलं घाबरून बोलत राहतात आणि समोरच्याला उत्तर द्यायची वेळच येत नाही.

एकाने फक्त लिहून घ्यायचं काम करा. ते काय म्हणाले, कोणती तारीख म्हणाले, कोणाशी बोला म्हणाले. आणि पीएचं नाव, नंबर, तो तर सगळ्यात आधी घ्या.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिचा ग्रुप आमच्या लोकप्रतिनिधींना भेटला, त्यांनी खूप कौतुक केलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी सोशल मीडियावर टाकले. आठ महिने झाले, बाकी काही नाही. मुलीचा विश्वासच उडाला आहे. तिला काय सांगू?

तिला सांगा की तिचा राग बरोबर आहे. उगाच समजूत काढू नका, मुलांना ते लगेच कळतं.

स्वीडनमधली हवामानासाठी शाळेचा संप करणारी मुलगी ग्रेटा थुनबर्ग, तिला अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये बोलावलं होतं, तेव्हा ती १६ वर्षांची होती, सगळेच कौतुक करायला तयार बसलेले, तर तिने भाषण जवळजवळ केलंच नाही, आयपीसीसीचा अहवाल पुढे ठेवला आणि माझं नको, शास्त्रज्ञांचं ऐका एवढंच म्हटलं. कौतुकाला उत्तर म्हणून कागद पुढे करणं, हे तुमच्या मुलीलाही जमेल.

आणि तो फोटो माझ्या मते तुमच्या मुलीच्याच कामाचा आहे. त्यांनी स्वतःच जगाला दाखवलंय की आम्ही या मुलांना भेटलो, म्हणजे भेट झालीच नाही असं आता म्हणता येणार नाही. तिने एक छोटं पत्र लिहावं, अमुक तारखेला आपण भेटलो, आम्ही हे मागितलं, तुम्ही हे म्हणालात, त्याचं पुढे काय झालं ते महिनाभरात लेखी कळवा. पत्राला फोटोची प्रिंट जोडायची. टोमणा म्हणून जोडायची नाही, आठवण राहावी म्हणून. ऑफिसात अशा पत्रावर काहीतरी लिहावंच लागतं, कारण पुढचं पत्र पेपरला जाईल हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही मतदार आहात ना, मग दुसरं पत्र तुम्ही स्वतःच्या सहीने द्या. पालक सोबत उभे राहिले की फरक पडतो, हे मी पाहिलंय.

ऑफिसात जाऊन विनंत्या करण्यापेक्षा रस्त्यावर उतरणं जास्त परिणामकारक नाही का?

दोन्ही लागतं. २०१९ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये शाळकरी मुलं हजारोंनी संपावर गेली, १ मे ला संसदेने हवामान आणीबाणीचा ठराव केला आणि जूनमध्ये त्याच २००८ च्या कायद्यातलं ८० टक्क्यांचं लक्ष्य बदलून २०५० पर्यंत नेट झिरो केलं. यात रस्त्यावरच्या मुलांचा जोर होता आणि बदलायला कायदाही आधीपासून तयार होता, जो आधीच्या लोकांनी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून करून घेतला होता. आणीबाणीच्या नुसत्या ठरावाने सरकारवर कायद्याचं बंधन येत नाही, लक्ष्य बदललं तेव्हा ते आलं. मोर्चा निघणार असेल तर त्याच आठवड्यात भेटीची वेळ मागा, त्या आठवड्यात दारं लवकर उघडतात.

आमच्या भागात अर्ध्या घरांची चूल कोळशाच्या खाणीवर चालते, माझे काकाही तिथेच आहेत. आमचे लोकप्रतिनिधी हवामानाचं नाव काढलं की म्हणतात, मग या लोकांना काय खायला घालू? मला उत्तर सुचत नाही.

तुला उत्तर सुचत नाही कारण त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो तू खरा मानतोस हे मला फार आवडलं. भांडायला जाऊ नकोस. तोच प्रश्न उचल आणि म्हण, हो, हाच आमचाही प्रश्न आहे, खाण कधीतरी बंद होणारच, तेव्हाची योजना आत्ता मागूया. स्पेनमध्ये २०१८ मध्ये सरकार, कामगार युनियन आणि खाणमालक यांनी मिळून करार केला, बऱ्याचशा कोळसा खाणी बंद झाल्या पण ४८ वर्षांवरच्या कामगारांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना नवं प्रशिक्षण, आणि खाणींच्या भागासाठी २५ कोटी युरो. पुढच्या वर्षी निवडणूक झाली तर त्या खाणपट्ट्यात सरकारी पक्षाची मतं घटली नाहीत, उलट थोडी वाढली असं अभ्यासकांना दिसलं. हे वाक्य तुमच्या नेत्यासमोर जरूर बोल. आणि जाताना काकांना सोबत ने, ते आले तर तुझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जाईल, ऐकू दे.

किती वेळ लागतो या सगळ्याला? आम्ही दीड वर्ष करतोय, ग्रुपमध्ये २५ होतो, आता सात उरलोत.

सात पुष्कळ आहेत. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे कायद्याचे २७ विद्यार्थी होते, २०१९ मध्ये वर्गात बसून त्यांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. विद्यार्थ्यांना तिथे थेट जाता येत नाही, न्यायालयाचा सल्ला संयुक्त राष्ट्रांची आमसभा मागू शकते आणि तिथे मत देशांना असतं, म्हणून त्यांनी आपल्या बेटांच्या नेत्यांना पत्रं लिहिली. वनुआतू या छोट्या बेटदेशाच्या सरकारने विषय उचलला. मग एकेका देशाच्या मागे लागणं सुरू, त्यात कोविड, तरी मार्च २०२३ मध्ये १३०हून जास्त देशांच्या पाठिंब्याने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत न्यायालयाचं मत मागणारा ठराव मंजूर झाला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामानाला होणारं नुकसान रोखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मत सल्ला म्हणून आहे, सक्तीचा हुकूम नाही, पण आता कुठल्याही कोर्टात ते वाचून दाखवता येतं. वर्गातून तिथपर्यंत सहा वर्षं.

आणि मिळालेलं टिकवावंही लागतं. वर जर्मनीच्या कायद्याचं सांगितलं ना, २०२४ मध्ये त्यातलीच प्रत्येक क्षेत्राला, म्हणजे वाहतूक, उद्योग वगैरेंना, दरवर्षी गाठायच्या लक्ष्याची सक्ती सैल केली गेली. म्हणून सगळ्यांनी सगळं करू नका, दमाल. सात जणांत कामं वाटून घ्या, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी घ्या, पण एक वही चालू ठेवा, कोणाला कधी लिहिलं, काय उत्तर आलं. ती वही पुढच्या बॅचला द्यायची. आमच्या ऑफिसात आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती अशाच ग्रुपची असायची, ज्यातली मुलं दर दोन वर्षांनी बदलायची पण पत्रात मात्र मागच्या प्रत्येक पत्राची तारीख असायची.